टँक नसलेला कन्सोल

रेट्रो कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून जुने व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, दाखवणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारते: यात टँक आहे का? इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानदाराला विचारला. अमेरिकेहून येताना काय आणू म्हणणाऱ्या चुलतभावाला विचारला. एवढ्याशा काडीत दहा हजार गेम मिळतात, असं सांगणाऱ्या भाच्यालाही विचारला. चित्र किती स्वच्छ दिसतं, डबा किती देखणा आहे, हे सगळं नंतर. टँक नसेल तर तो कन्सोल माझ्या कामाचा नाही, आणि असेल तरी पुढे बरंच काही बघावं लागतं.

टँक म्हणजे ‘बॅटल सिटी’. नाम्को या जपानी कंपनीने १९८५ साली काढलेला खेळ. पडद्यावर विटांच्या भिंती, मध्ये मध्ये न फुटणारं पोलाद, पाणी, झाडी. तळाशी मधोमध विटांच्या कोंदणात बसवलेला गरुड. आणि वरच्या कडेने डावीकडून, मधून, उजवीकडून उतरणारे शत्रूचे रणगाडे, एका पातळीत वीस. आपला रणगाडा वाचवायचा आणि त्याहून आधी गरुड वाचवायचा. दोघांना एकाच बाजूने, मिळून खेळता येतो. माझ्या खरेदीचं मूळ इथेच आहे, कारण मला हा कन्सोल एकटीसाठी नको आहे. माझी मामी पंचाहत्तरीला आली आहे. यंदा गणपतीत, आरतीनंतर सगळे प्रसाद घेऊन गप्पा मारत बसले असताना ती मला म्हणाली, “अगं, ते टँकवालं अजून मिळतं का गं कुठे?”

मिळतं की नाही, एवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं तर सोपं होतं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या ज्या घरांत व्हिडिओ गेम होता, त्यातल्या बहुतेक घरांत होती ती निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरची नक्कल. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली ते घडलं. आतला प्रोसेसर १.८ मेगाहर्ट्झच्या आतबाहेर धावणारा, कामापुरती मेमरी अवघी २ किलोबाइट. अमेरिकेत तेच यंत्र १९८५ साली निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम, म्हणजे एनईएस, या नावाने, वेगळ्या पेटीत गेलं. पुढे तैवान आणि चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या, काही वर्षांनी सगळं यंत्र एका चिपवर मावायला लागलं, आणि जिथे मूळ माल पोचत नव्हता किंवा परवडत नव्हता अशा देशांत या नकला घराघरांत गेल्या. आपल्याकडे सामुराई, लिटल मास्टर, मीडिया अशी नावं होती आणि नाव नसलेले डबे तर किती तरी. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असे. आत खरे वेगळे खेळ मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने किंवा एखाद्या पुढच्या पातळीपासून सुरू होणारे.

त्या कॅसेटमध्ये काय आलं आणि काय राहिलं, हे नशिबावर ठरलेलं नव्हतं. सुरुवातीचे खेळ आकाराने इतके लहान होते की एका चिपवर कितीतरी मावत. टँक २४ किलोबाइटचा. सर्कस चार्ली तेवढाच, रोड फायटर तेवढाच. सुपर मारिओ ब्रदर्स, ज्यात आठ दुनिया आहेत, तो ४० किलोबाइटचा. आज फोनवर आलेला एखादा शुभेच्छांचा फोटो याहून जड असतो. जागा वाचवायची म्हणून मारिओतला ढग आणि मारिओतलं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. एवढ्या तुटपुंज्या जागेत इतकं मोठं जग उभं करणाऱ्या माणसांबद्दल मला अतोनात आदर वाटतो. पुढचे खेळ मोठे होत गेले. काँट्रा १२८ किलोबाइट, सुपर मारिओ ब्रदर्स ३ तर ३८४. त्यांना कॅसेटमध्ये जादा चिप लागे, आणि झेल्डासारख्या लांबलचक खेळाच्या अमेरिकन कॅसेटमध्ये तर खेळ अर्ध्यावर जपून ठेवण्यासाठी छोटी बॅटरी बसवलेली असे. स्वस्तात कॅसेट विकणाऱ्याला हा खर्च कशाला झेपेल? त्याने लहान खेळ उचलले आणि एका कॅसेटमध्ये ठासून भरले. म्हणून झेल्डा, मेट्रॉइड, फायनल फँटसी हे खेळ माझ्या ओळखीत लहानपणी कुणीही खेळलेलं नाही. आमचे खेळ ठरवले ते चिपच्या किमतीने.

हे डोक्यात ठेवून एनईएस क्लासिक एडिशनकडे बघा. २०१६ च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोने स्वतः काढलेला, तळहातावर मावेल एवढा डबा. किंमत ६० डॉलर, आत ३० खेळ भरलेले. पहिल्या खेपेत २३ लाखांच्या आसपास विकले गेले. २०१७ च्या एप्रिलमध्ये कंपनीने तो बंद केला आणि मागणी इतकी होती की २०१८ च्या जूनमध्ये पुन्हा आणावा लागला. चुलतभाऊ हाच आणणार होता. आता तो जुन्या बाजारातूनच घ्यावा लागतो आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर किंमत मूळच्या कितीतरी पुढे जात होती, पण ती मी दिली असती. मी खेळांची यादी वाचली. झेल्डा आहेत, एक सोडून दोन. मेट्रॉइड आहे, फायनल फँटसी आहे. अमेरिकन फुटबॉलचा एक खेळ आहे. मारिओचे तिन्ही भाग आहेत. काँट्रा नाही, त्याचा पुढचा भाग आहे. डक हंट नाही. सर्कस चार्ली नाही, रोड फायटर नाही, बॉम्बरमॅन नाही. आणि टँक नाही. टँक असणार तरी कसा? त्या काळी तो अमेरिकेत एनईएसवर निघालाच नव्हता.

तो डबा उत्तम आहे. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत ते खेळ खेळले त्यांच्यासाठी फार मायेने केलेला आहे, चित्र काचेसारखं स्वच्छ, एचडीएमआयची वायर लावली की सुरू. पण ते बालपण त्यांचं आहे. इंदूरला रामबागेतल्या मामाच्या वाड्यात भरदुपारी जे चाललं होतं, ते त्या तीस नावांत कुठेच नाही. शिवाय पेटीत रिमोट एकच, त्याची वायर पाऊण मीटरची, दुसरा रिमोट वेगळा विकत घ्यायचा. टीव्हीपासून पाऊण मीटरवर मामीला मांडी घालून कशी बसवू?

आता थोडं वाड्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मामाला कामानिमित्त दिल्लीला जावं लागे. एका खेपेला त्याने पालिका बाजारातून व्हिडिओ गेम आणला. मुलांसाठी म्हणून आणला आणि सुटीत आम्ही सगळी भावंडं इंदूरला जमलो की त्यावर तुटून पडायचो. मारिओ, सर्कस, मोटारीचा गेम. काँट्रा पुढे एका वेगळ्या कॅसेटमधून आला, शेजारच्या मुलाकडून मागून आणलेल्या. पण दुपार झाली की मुलं कूलरसमोर आडवी होत. बाहेर लू. स्वयंपाकघर आवरून, आजीला औषध देऊन मामी माजघरात यायची. दीड ते तीन एवढाच वेळ दिवसभरात तिचा असे. तीनला पाणी यायचं, मग चहा, मग बाकीचं सगळं. त्या दीड तासात मामी आधी मासिक वाचायची. टँक आल्यावर मासिक बाजूला गेलं.

मला दुपारी झोप येत नसे, म्हणून तिची जोडीदार मी. पहिला रिमोट माझा, दुसरा तिचा. पहिल्या रिमोटवाल्याचा रणगाडा पिवळा, तो गरुडाच्या डावीकडून निघतो. दुसऱ्याचा हिरवा, तो उजवीकडून. मूळ जपानी यंत्रात दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटण नव्हतंच आणि आमच्या नकलेतही ते नव्हतं. त्यामुळे खेळ थांबवायची सत्ता माझ्या हातात. आतून आजीची हाक आली की मामी पडद्यावरून नजर न काढता म्हणायची, “थांबव गं,” आणि उठून जायची. ती परत येईपर्यंत मी काही हलवत नसे.

तिचं खेळणं बघण्यासारखं होतं. आम्ही मुलं वर धावत जाऊन शत्रू उतरतो तिथेच त्याला गाठायचो, तीनदा मरायचो. मामी मधली रेषा क्वचितच ओलांडायची. गरुडाभोवतीच्या विटांना स्वतःची एकही गोळी लागू द्यायची नाही, हा तिचा पहिला नियम. या खेळात आपल्याच गोळीने आपला गरुड मरू शकतो आणि उतावळ्या खेळाडूंचा तो बहुतेक वेळा असाच मरतो. दुसरा नियम, लुकलुकणारा रणगाडा दिसला की बाकीचं सोडून तो मारायचा, कारण तो फुटला की काहीतरी मिळतं. तारा मिळाला की आपली तोफ सुधारते, बाँब मिळाला की पडद्यावरचे सगळे शत्रू एकदम संपतात, घड्याळ मिळालं की सगळे जागच्या जागी थिजतात. मुलांना बाँब हवा असे. मामीला फावडं हवं असे. फावड्याने गरुडाभोवतीच्या विटांचं काही काळ पोलाद होतं. तेवढ्या वेळात ती निर्धास्तपणे वर चढायची आणि वेळ संपायच्या आत बरोबर खाली परतायची. चार गोळ्या खाल्ल्याशिवाय न मरणारा जाड रणगाडा आला की ती त्याला भिंतीआडून एकेक गोळी घालायची, घाई न करता. आम्हा मुलांपैकी कुणीही तिच्याइतक्या पुढच्या पातळीवर पोचलेलं नव्हतं.

आणि कन्स्ट्रक्शन. त्या खेळात तुम्हाला आपला नकाशा आपण मांडता येतो. तेरा बाय तेरा चौकोनांची पाटी, प्रत्येक चौकोनात वीट, पोलाद, पाणी, झाडी किंवा बर्फ ठेवायचा. आम्ही गरुडाभोवती पोलादाच्या दुहेरी भिंती बांधून मोकळे व्हायचो. मामीने तिथे रांगोळी काढली. खरीखुरी, ठिपके मोजून काढतात तशी, मध्ये झाडीचं कमळ, बाजूने विटांच्या वेली, कोपऱ्यांत पाणी. मग त्या रांगोळीत आम्ही लढलो आणि शत्रूच्या गोळ्यांनी ती फुटत गेली, ते बघताना मला वाईट वाटत होतं, तिला मात्र नाही. दुसऱ्या दिवशी ती नवी काढायची. यंत्र बंद केलं की आदली पुसलीच जाणार हे तिला ठाऊक होतं आणि अंगणातली रोज पुसून नवी काढणाऱ्या बाईला त्यात नवल नव्हतं.

मला आज कळतं की त्या दीड तासात ती कुणाची सून, कुणाची आई म्हणून बसलेली नसे. तिला एक गोष्ट उत्तम जमत होती आणि ती जमते हे तिला माहीत होतं. त्या घरात तिला शाबासकी मिळायची ती पुरणपोळीबद्दल. टँकबद्दल फक्त माझ्याकडून.

वाडा पुढे विकला गेला. मामा गेला. यंत्राचं काय झालं ते कुणालाच आठवत नाही.

तर गणपतीनंतर मी कामाला लागले. आधी सरळ मार्ग धरला. टँक आज विकत मिळतो, रीतसर. नाम्कोने २०२० मध्ये जुन्या खेळांचे दोन संच काढले, ‘नाम्को म्युझियम आर्काइव्हज’, त्यातल्या दुसऱ्यात बॅटल सिटी आहे. कॉम्प्युटरवरही चालतो. नव्या कन्सोलच्या मानाने काहीच पैसे नाहीत. मी तो घेतला आणि घेताना फार बरं वाटलं, कारण आमच्या त्या सगळ्या दुपारींचा एक पैसाही हा खेळ करणाऱ्यांना कधी मिळालेला नव्हता. भाच्याचा लॅपटॉप टीव्हीला जोडला, दोन रिमोट लावले, मामीला बोलावलं. तोच गरुड, त्याच विटा, तीच सुरुवातीची धून. मामीचा चेहरा उजळला.

पहिल्या पातळीतच तिचे तिन्ही रणगाडे गेले. पुन्हा खेळलो, पुन्हा तेच. “फार पळतंय गं हे,” ती म्हणाली. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, “हात गेले माझे. असू दे.”

मला ते पटलं नाही. तिचा अंगठा दुखतो हे खरं, पण तिचे निर्णय चुकत नव्हते. ती योग्य जागी जात होती, फक्त क्षणभर उशिरा पोचत होती. आणि मलाही तो खेळ अनोळखी वाटत होता, माझे हात तर धड आहेत.

कारण शोधलं आणि ते अगदी साधं निघालं. हे जुने खेळ पडद्याच्या ठेक्यावर चालतात. पडदा एकदा नवा रंगवला की रणगाडा ठरावीक अंतर सरकतो, गोळी ठरावीक अंतर जाते. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवत. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकला या पन्नासच्या ठेक्यावर धावत, पण आत खेळ मात्र जपानीच, साठसाठी लिहिलेला, काहीही न बदललेला. म्हणजे जपानी मुलाच्या पडद्यावर जे एका मिनिटात घडायचं, त्याला रामबागेत ७२ सेकंद लागत. सहावा हिस्सा वेग कमी. बरं, या नकलांचा प्रोसेसर मूळच्याच वेगाच्या अगदी जवळ धावे, म्हणून गाण्याची पट्टी जवळजवळ तीच राही आणि लय तेवढी उतरे. विलंबित लयीत ख्याल गाणाऱ्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको: सूर तोच, लय विलंबित, आणि सगळा खेळच वेगळा.

आम्ही खेळलो तो टँक जपानमध्ये कुणी खेळलेलाच नव्हता.

मी हे मामीला कागदावर मांडून दाखवलं. साठ, पन्नास, बहात्तर सेकंद. ती एके काळी गणित शिकवायची. तिने आकडे तपासले, मान हलवली आणि विचारलं, “म्हणजे तेव्हाचा हळू होता?” हो म्हटल्यावर ती हसली. तिचे हात थोडे मंदावले असतीलच, पंचाहत्तरीत कुणाचे नाही मंदावत? पण तिला वाटलं तेवढे नाहीत. यंत्राच्या वेगाचा दोष तिने स्वतःच्या वयाच्या खात्यात टाकला होता आणि मी कारण शोधलं नसतं तर तो तिथेच राहिला असता.

इथून माझा खरेदीचा सगळा विचार पालटला. सोनीने २०१८ च्या डिसेंबरात प्लेस्टेशन क्लासिक काढला, २० खेळांचा, तेव्हा त्यातल्या काही खेळांच्या युरोपातल्या पन्नासच्या आवृत्त्या भरल्या म्हणून लोकांनी कंपनीला धारेवर धरलं होतं. त्यांचं म्हणणं रास्तच होतं, त्यांनी ते खेळ साठने खेळले होते. पण रेट्रो कन्सोलची परीक्षणं वाचताना ‘अस्सल अनुभव’ हा शब्द आला की मी आता थांबते आणि कुणाचा अस्सल, ते बघते. आमच्यासाठी अस्सल आहे ती नक्कल. बेनावाचा डबा, सैल बसणारी कॅसेट, पन्नासचा ठेका.

बाकीचे पर्याय मग पटापट गळाले. भाच्याची काडी, म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायची गेम स्टिक, तिच्यात टँक होता. पण बिनतारी रिमोट दाबल्यावर पडद्यावर हालचाल व्हायला जाणवण्याइतका उशीर लागत होता आणि दहा हजार नावांच्या बारीक इंग्रजी यादीतून टँकपर्यंत पोचायला दर वेळी माझी गरज लागली असती. मामीला हवा आहे तो कळ दाबली की सुरू होणारा खेळ. हातात धरायचे चिनी कन्सोल हल्ली फार चांगले निघतात, मला स्वतःला एक आवडलाही, पण बोटभर पडद्यावर दोघी कशा खेळणार? कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम आहेत. त्यांतल्या काहींत ‘डेंडी’ नावाची सोय असते. डेंडी ही रशियात खपलेली अशीच एक नक्कल, आणि ती सोय निवडली की खेळ आपल्या जुन्या वेगाने धावतो. ज्यांना कॉम्प्युटर हाताळायला अडचण नाही त्यांना मी हेच सुचवेन. मामी लॅपटॉपला हात लावत नाही.

राहिलं जुनं यंत्र. जेल रोडला जिथे मोबाइलची दुकानं खेटून आहेत, तिथे एका गल्लीत दुरुस्तीचं काम करणारे एक काका बसतात. त्यांच्याकडे धूळ खात पडलेले तसले दोन डबे होते. तिथे उभं राहून जे शिकले ते लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल.

अडॅप्टर आधी बघायचा. या यंत्रांना कमी व्होल्टचा डीसी लागतो, पण पिनेचा मधला भाग ऋण की धन हे सगळीकडे सारखं नाही. निन्टेन्डोच्या मूळ यंत्रात मधला भाग ऋण असतो, नकलांमध्ये काहीही असू शकतं. डब्यामागचं चिन्ह न वाचता घरातला कुठलाही अडॅप्टर खुपसला तर यंत्र जळू शकतं. मग आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. तीस वर्षांत ते सुकतात, फुगतात, चित्रात लाटा येतात. काकांनी आमच्यासमोर दोन बदलले, खर्च किरकोळ. कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या लहानपणी आपण फुंकर मारून साफ करायचो. काकांचं म्हणणं, फुंकरीतल्या ओलाव्याने त्या गंजतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसाव्यात. रिमोटच्या बटणाखालचं रबर कडक होतं, तेही बदलून मिळतं. आणि रिमोट वायरचेच घ्यावेत.

टीव्हीचा प्रश्न मात्र खरा अवघड. जुना काचेचा, फुगीर टीव्ही सिग्नल आला तसा रंगवतो, मध्ये विचार करत नाही. नवा एलईडी टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठं करतो, मग दाखवतो, त्यात उशीर होतो. वर या जुन्या यंत्रांचा सिग्नल साध्या टीव्ही प्रसारणाहून जरा वेगळा असतो, तो कित्येक नव्या टीव्हींना नीट ओळखता येत नाही आणि चित्र फाटतं. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर उशीर कमी होतो. टीव्हीवर खेळण्यातली बंदूक रोखून खेळायच्या खेळाचं तर नव्या पडद्यावर काहीच चालत नाही. डक हंटमध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसतो का ते बघतो. नव्या टीव्हीवर तो क्षण टळून गेलेला असतो. म्हणून कुणाला डक हंटसाठी जुना कन्सोल घ्यायचा असेल तर आधी जुना टीव्ही मिळवावा, नाहीतर पैसे टाकू नयेत.

आम्हाला काकांनी चौदा इंची जुना रंगीत टीव्हीही दिला, जवळजवळ फुकट, जागा अडवतो म्हणून. राजेंद्रनगरला मामीच्या फ्लॅटमध्ये तो कुठे ठेवायचा यावर मामेभावाचं आणि माझं बरंच बोलणं झालं. त्याचा मुद्दा होता की एवढ्याशा खेळासाठी एवढं धूड कशाला. मी म्हटलं, तुझ्या आईने गेल्या कित्येक वर्षांत स्वतःहून मागितलेली दुसरी एखादी गोष्ट सांग. टीव्ही गॅलरीच्या दाराशी बसला.

सगळं मिळून जो खर्च झाला तो चुलतभावाच्या डब्याच्या किमतीपुढे नगण्य आहे. पण तो डबा कुणी मला भेट दिला असता तरी मी हेच घेतलं असतं. ज्याला झेल्डा पहिल्यांदा खेळून बघायचा आहे, ज्याला त्या काळात आपल्यापर्यंत न पोचलेले मोठे खेळ बघायचे आहेत, त्याने तो जरूर घ्यावा; ते खेळ खरोखर थोर आहेत. जुनी दुपार हवी असेल तर आधी ती कुठल्या यंत्रावर, कुठल्या टीव्हीवर आणि कुणाबरोबर गेली हे आठवून मग दुकानात जावं.

मामीला मी पहिला रिमोट देऊ केला, स्टार्टचं बटण त्यावर आहे म्हणून. तिने नको म्हटलं. हिरवा रणगाडा तिचा, उजवी बाजू तिची. पन्नासच्या ठेक्यावर तिने पहिली पातळी एकही रणगाडा न गमावता पार केली, दुसरीत फावडं उचलून वर चढली आणि वेळेत खाली आली. तिच्या रिमोटवर गोळी झाडायची दोन्ही बटणं अजून घट्टच आहेत, रबर यायचं आहे, काका म्हणतात दिवाळीनंतर. तोवर ती खालचं टर्बोचं बटण वापरते, त्याने गोळ्या आपोआप सुटतात. वाड्यात टर्बोला बंदी होती, ती तिनेच घातली होती. आता तिचं म्हणणं आहे की तो नियम मुलांसाठी होता, आणि त्यावर आमचं रोज वाजतं.